टक्का कोकणाचा, पट आमच्या शाळेचा

२०२५ सालची वैशाख पौर्णिमा १२ मे रोजी होती. बऱ्याच वर्षांनी ती गावी साजरी करण्याचा योग आला. गाव मालवण तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाही. नाव मुद्दाम देत नाही, कारण जे सांगणार आहे ते एका गावापुरते नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ले अशा कोणत्याही तालुक्यातल्या बौद्धवाडीत गेलात, तरी थोड्याफार फरकाने हेच ऐकू येईल.

कोकणकन्येने रात्री मुंबई सोडली आणि सकाळी कुडाळला उतरलो. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि चाकरमान्यांचा गाव एका रात्रीवर आला. आमचे आजोबा मालवण बंदरातून बोटीने मुंबईला गेले होते. बोट लागली की दोन दिवस डोके धरून बसावे लागे, असे ते सांगत. आता कुडाळहून एस.टी. पकडली की कर्ली नदीवरचा नेरूरपारचा पूल, धामापूरचा तलाव, चौके अशी गावे मागे टाकत माणूस मालवणच्या स्टॅंडवर उतरतो.

मालवणात पाय ठेवला की आधी बंदरावर जायचे, ही माझी जुनी सवय. समोर पाण्यात सिंधुदुर्ग उभा असतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी छत्रपती शिवरायांनी या किल्ल्याचे काम सुरू केले. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा जिल्हा झाला, त्याला नावही याच किल्ल्याचे मिळाले. पर्यटक बोटीत बसून किल्ला बघतात, तारकर्लीला जातात, मासे खातात आणि परततात. पण मालवणात बघण्यासारखे आणखी काही आहे, ते म्हणजे शाळा. अनंत शिवाजी देसाई टोपीवाला यांच्या नावाचे हायस्कूल, भंडारी हायस्कूल, स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालय, आणि गावाबाहेर कुंभारमाठला शासकीय तंत्रनिकेतन. मासळी, आंबा, काजू यांच्याइतकेच या किनाऱ्याने शिक्षणावर पोट भरले आहे. येथून शिकून गेलेला मुलगा मुंबईतल्या कचेऱ्यांत, गिरण्यांत, पोलिसांत, बेस्टमध्ये लागला आणि त्याच्या मनिऑर्डरीवर गावातली चूल पेटली.

पौर्णिमा आणि निकाल

पौर्णिमेला सकाळी वाडीतल्या विहारात वंदना झाली. पंचशील, त्रिशरण, खीरदान, संध्याकाळी मुलांची भाषणे. मुंबई मंडळाची माणसेही आली होती. दुसऱ्या दिवशी, १३ मे रोजी, दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागणार होता. चुलतभावाची मुलगी दहावीला बसलेली. वाडीत मोबाईलची रेंज विहाराच्या मागच्या चढावर मिळते, म्हणून आम्ही सगळे तिथे काजूच्या सावलीत जाऊन उभे राहिलो. निकाल उघडला. पोरीला ८१ टक्के! काकीने तिच्या तोंडात साखर घातली आणि मग स्वतःच डोळ्याला पदर लावला.

संध्याकाळी बातम्यांत राज्याचा निकाल आला. महाराष्ट्र ९४.१० टक्के, कोकण विभाग ९८.८२ टक्के, म्हणजे पुन्हा पहिला. त्याआधीच्या वर्षी, २०२४ साली, राज्य ९५.८१ आणि कोकण ९९.०१. २०२३ साली राज्य ९३.८३ आणि कोकण ९८.११. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे पूर्वी कोल्हापूर विभागीय मंडळात होते. त्यांचे वेगळे कोकण मंडळ झाले आणि २०१२ साली त्याची पहिली परीक्षा झाली. तेव्हापासून हा विभाग सातत्याने पहिला येतो आहे. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे, आणि मलाही वाटला.

पण दिवसभर आकड्यांशी खेळणाऱ्या कारकुनाला एक खोड असते. टक्का दिसला की तो विचारतो, कितीपैकी? कोकण विभागातून दहावीला तीस हजारांच्या आत मुले बसतात. सबंध राज्यातून पंधरा लाखांच्या आसपास. मूठभर तांदळातले खडे निवडणे सोपे असते, हे कोणतीही गृहिणी सांगेल. वर्ग लहान, शिक्षक मुलाला नावाने ओळखणारे, मुली शाळेत टिकणाऱ्या. या सगळ्याचे श्रेय आहेच. पण ती मूठ दरवर्षी लहान होत चालली आहे, ते टक्क्यात दिसत नाही. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ साली ती ८,४९,६५१ झाली. सारा देश वाढत असताना हा जिल्हा घटला. साक्षरता ८५.५६ टक्के, पण वाचणारे, लिहिणारे हात मात्र मुंबई, पुणे, गोव्याच्या वाटेवर.

जनरल रजिस्टर

दुसऱ्या दिवशी भावाबरोबर गावातल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत गेलो. काम होते दाखल्याचे. पोरगी पुढे अभियांत्रिकीला किंवा दुसऱ्या एखाद्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेली, तर जातवैधता लागणार. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आमच्याकडे ना सातबारा, ना जुने दस्त. पुरावा एकच, तो म्हणजे आजोबांचे शाळेतले नाव.

सुट्टी होती, पण गुरुजी शाळा उघडून बसले होते. कौलारू इमारत, पुढे पडवी, अंगणात वडाचे झाड. गुरुजींनी कपाटातून जुने जनरल रजिस्टर काढले. पाने पिवळी, कडा वाळवीने खाल्लेल्या. बोट फिरवत फिरवत १९३७ सालावर आलो आणि आजोबांचे नाव सापडले. नावापुढे जात, त्यापुढे गाव, आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचे कारण. तिसरीत असताना लिहिलेले, ‘गैरहजर, सबब नाव कमी.’

त्या एका ओळीवर माझे बोट किती तरी वेळ थांबून राहिले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला होता, की सरकारी पैशावर चालणारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत. ठराव मुंबईत झाला, तरी गावच्या शाळेत आजोबा पडवीत बसत. आत वर्ग, बाहेर आजोबा, मध्ये खिडकी. गुरुजी पाटी हातात घेत नसत, लांबूनच बघत. मग आजोबा गैरहजर राहू लागले यात नवल ते काय? ज्या १९३७ साली त्यांचे नाव रजिस्टरात चढले, त्याच वर्षी १७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. शाळेची पडवी आणि खोताचे अंगण, दोन्ही ठिकाणी आमची माणसे बाहेरच उभी होती. बाबासाहेब दोन्ही दारे एकाच वेळी ठोठावत होते.

आता त्याच रजिस्टराची नवी पाने उलटली. पूर्वी एका वर्षी पानभर नावे दाखल होत. मग अर्धे पान. पुढे ‘पालक मुंबईस गेल्याने’, ‘पालक मुंबईस गेल्याने’ अशी ओळीने नोंद. आणि आता? पहिली ते पाचवी मिळून अकरा मुले. गुरुजींनी नावे वाचून दाखवली. अकरापैकी सहा आमच्या वाडीतली. दोन आंब्याच्या बागेत राखणीला राहिलेल्या नेपाळी कुटुंबातली. दोन रस्त्याच्या कामावर आलेल्या कर्नाटकातल्या मजुरांची. आणि एक गावातल्या विधवा बाईचा मुलगा. बाकीच्या वाड्यांतली मुले कुठे आहेत? ती सकाळी पिवळ्या व्हॅनमध्ये बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात.

म्हणजे पट कमी झाला तो केवळ माणसे कमी झाली म्हणून नव्हे. ज्यांची ऐपत होती ती गेली, ज्यांची नव्हती ती उरली. टक्क्याची बातमी वाचताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. रजिस्टर वाचताना ते डोळ्यांत खुपते.

घरी येऊन काकीला सांगितले. ती मासे साफ करत होती. विळीवरची नजर न काढता म्हणाली, “माझ्या सासऱ्याक भायर बसवल्यानी. आता सगळे भायर गेले नि आमचीच पोरां भुतूर रवली, तर म्हणतत शाळाच बंद करूया. मगे ह्या पोरांनी जावचा खंय?”

काकी शाळेत गेलेली नाही. पण शंभर पानांच्या अहवालात जे सापडणार नाही, ते तिने एका वाक्यात सांगितले.

कुऱ्हाड कुणावर?

काकीची भीती पोकळ नाही. शिक्षण विभागाच्या आकडेवारीनुसार राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या, त्यांत १,८५,४६७ मुले आणि २९,७०७ शिक्षक. २१ सप्टेंबर २०२३ रोजी अशा शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवण्यात आले. नंतर संचमान्यतेचे निकष बदलले आणि शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. कोकणात वाड्या डोंगराच्या दोन बाजूंना विखुरलेल्या, मध्ये वहाळ, पावसाळ्यात साकव पाण्याखाली. अशा भागाला वीसचा आकडा लावला तर किती शाळा उरतील?

समूह शाळेच्या बाजूनेही बोलणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. अकरा मुलांत कबड्डीचा संघ होत नाही. पाच इयत्ता एकाच खोलीत बसतात. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असेल, ग्रंथालय असेल, मैदान असेल. हे खरे आहे. पण २००९ चा शिक्षण हक्क कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो काय सांगतो? पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, आणि साठपर्यंत मुले असली तरी प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. मोठी शाळा द्यायची असेल तर आधी गाडी द्या, तिच्या खर्चाची लेखी हमी द्या, पावसाळ्यात ती येईल याची खात्री द्या. आधी दार बंद आणि मग गाडी बघू, असे झाले तर सहा वर्षांची पोर घरीच बसेल आणि रजिस्टरात पुन्हा तेच लिहिले जाईल, ‘गैरहजर, सबब नाव कमी.’

आणि आपण तरी काय करतो? मंडळाच्या सभेत जिल्हा परिषदेची शाळा वाचवा असे भाषण ठोकणारे आपले कितीतरी नोकरदार बांधव स्वतःच्या मुलांना इंग्रजी शाळेतच घालतात. मीही त्यांतलाच. मुलाच्या भल्याचा विचार करणे हा गुन्हा नव्हे. पण आपल्या पायाखालची पायरी वर चढून झाल्यावर कोण वापरणार आहे, हा विचार आपण सोडून दिला.

केळूसची वाट

परतण्याआधी एक दिवस हाताशी होता. पुतणीला घेऊन केळूसला गेलो. कर्लीचा पूल ओलांडून परुळे-म्हापणच्या बाजूने वेंगुर्ले तालुक्यात शिरले की हे गाव येते. माडाच्या बागा, सुरूची झाडे, पलीकडे समुद्राचा आवाज. पर्यटकांच्या यादीत ते फारसे नसते. आपल्या यादीत मात्र असायला हवे, कारण हे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे गाव. त्यांचा जन्म येथला, १८६० सालचा.

पुतणीने विचारले, “काका, केळुसकर म्हणजे बुद्धाचा पुस्तक दिलेले तेच मां?”

तेच! मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज एकटाच वाचत बसलेला त्यांनी पाहिला. तो भीमराव रामजी आंबेडकर. केळुसकर गुरुजी आपल्या समाजातले नव्हते. पण त्यांनी त्या मुलाची विचारपूस केली, पुस्तके दिली, पुढे सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला. भीमराव पास झाल्यावर जो सत्कार झाला, त्यात त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र त्याच्या हाती दिले. त्या सभेचे अध्यक्ष कोण? भंडारी समाजाचे पुढारी सी. के. बोले, ज्यांनी पुढे १९२३ चा ठराव आणला, तेच. चरित्रकार हा प्रसंग १९०७ सालच्या मॅट्रिकच्या वेळचा सांगतात. बाबासाहेबांनी स्वतः ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र तो इंग्रजी चौथी पास झाल्याच्या वेळचा आहे. चौथी पास झाल्याचा सत्कार! त्या काळी आपल्या समाजात चौथीची किंमत केवढी होती, ते यावरून कळते. आणि आज आपण गावातल्या चौथीच्या वर्गाला कुलूप लागताना बघत बसायचे का?

पुतणीला मी आणखी एक हिशेब सांगितला. बाबासाहेबांना मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण होते. तिने मोबाईलवर भागाकार केला. “सदतीस पूर्णांक सहा टक्के!” म्हणाली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मी म्हटले, “बघ पोरी, त्या टक्क्याकडे बघून केळुसकर गुरुजींनी पाठ फिरवली असती तर? त्यांनी टक्का पाहिला नाही, मुलगा पाहिला. तो कुठून आला, कुठल्या खोलीत अभ्यास करतो, पुढे त्याला काय लागेल, हे पाहिले.”

वाडीची वही

टक्क्यामागे कोण आहे, हे विचारण्याची पद्धत इतर देशांतही आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९९१ साली ‘चार्टर’ शाळांचा पहिला कायदा केला. सरकारी पैशावर चालणाऱ्या, पण कारभार स्वतंत्र मंडळाच्या हाती असलेल्या या शाळांवरून तिथे आजही वाद आहेत. पण २००२ साली तिथे आलेल्या कायद्याने सरकारी पैशावरच्या सर्व शाळांना एक शिस्त लावली. शाळेचा एकच निकाल सांगून भागेना. कृष्णवर्णीय मुलांचा किती, गरीब घरच्या मुलांचा किती, अपंग मुलांचा किती, असा वेगवेगळा निकाल मांडावा लागू लागला. चांगल्या सरासरीच्या पदराआड मागे पडलेले मूल लपू नये, हा हेतू. आपल्याकडे निकालाच्या दिवशी विभागवार टक्का छापून येतो, मुला-मुलींचा येतो. वाडीवार टक्का कुठेच छापून येत नाही.

तो आपणच काढायचा. त्या रात्री विहारात बैठक घेतली आणि दोनशे पानी वही विकत आणून पहिल्या पानावर रकाने आखले. मुलाचे नाव. शाळा कोणती, घरापासून किती दूर. दहावी झाली का. दहावीनंतर काय? हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. कोकण दहावीत पहिले येते, पण त्यापुढे वाडीतली मुले काजूच्या कारखान्यात, हॉटेलात किंवा गोव्यात रोजंदारीवर दिसतात, त्यांची नोंद कोण ठेवतो? गुणवंतांचा सत्कार मंडळ दरवर्षी करते. कंपासपेटी आणि पुष्पगुच्छ देऊन फोटो काढतो आणि घरी जातो. त्याऐवजी प्रत्येक मुलामागे एक जाणता माणूस द्यावा. पाचवीत असताना नवोदयची परीक्षा, आठवीत असताना राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा, ज्यात नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दहावीनंतर भारत सरकारची शिष्यवृत्ती, समाजकल्याणचे वसतिगृह, तिथे जागा न मिळाल्यास स्वाधार योजना. प्रत्येकाची मुदत, प्रत्येकाची कागदपत्रे. योजना आहेत, पण त्या वाडीच्या चढावर रेंज शोधत येत नाहीत. आपल्यालाच त्या आणाव्या लागतात.

आणखी एक काम तातडीचे. शाळा बंद झाली किंवा दुसरीकडे जोडली गेली, की तिचे दप्तरही हलते. म्हणून प्रत्येक घराने आजोबा-पणजोबांच्या नोंदीचा जनरल रजिस्टरचा साक्षांकित उतारा आजच काढून ठेवावा. ज्यांना शाळेने पडवीत बसवले, त्यांच्या नावाची ती एक ओळ आज नातवंडांना कॉलेजचे दार उघडून देते आहे. ती वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नका. आणि समूह शाळेचा विषय ग्रामसभेत आला, तर गैरहजर राहू नका. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतील, तर सही करण्याआधी वाचा आणि आपले म्हणणे लेखी द्या.

पुतणीचे काय झाले, ते सांगतो. भावाच्या मनात तिला मुंबईला आमच्या खोलीत ठेवून अकरावीला घालायचे होते. ती म्हणाली, “काका, माका हयच शिकाचा आसा. पॉलिटेक्निकाक जावचा आसा.” घरचे म्हणाले, एस.टी. चुकली तर? ती म्हणाली, चुकली तर दुसरी येईल. तिने अर्ज भरला, पणजोबांच्या नोंदीचा उतारा फायलीत लावला.

निघताना शाळेवरून गेलो. गुरुजी कुलूप लावत होते आणि पडवीत वाडीतली दोन-तीन पोरे खेळत होती. मी विचारले, “शाळा कधी सुरू होतली रे?” एक पोर म्हणाले, “सोळा जूनाक!” आणि उडी मारून पडवीतून अंगणात गेले.

त्या दिवशी ते दार उघडलेच पाहिजे. ते बघायला आपण तिथे असलो पाहिजे.

जय भीम!